चॅम्पियन्स लीगची धून ज्या राज्याभिषेक गीतावरून आली, ते लिहिणारा हँडल कोण होता?

भारतात मध्यरात्र उलटलेली असते. घरचे झोपलेले असतात, टीव्हीचा आवाज बारीक केलेला असतो. खेळाडू रांगेत उभे राहतात, कॅमेरा एकेकाच्या चेहऱ्यावरून फिरतो आणि व्हायोलिन सुरू होतात. कोल्हापूरच्या पेठांमधल्या पोरांना तर ही चॅम्पियन्स लीगची धून वेगळी ओळखून द्यावी लागत नाही.

ही धून १९९२ साली टोनी ब्रिटन या इंग्लिश संगीतकाराने युएफासाठी बांधली. शब्द इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन अशा तीन भाषांमधले. पण ब्रिटनने ती शून्यातून काढली नव्हती. त्याच्यासमोर २६५ वर्षं जुनं एक धार्मिक गीत होतं. त्याचं नाव ‘झेडॉक द प्रीस्ट’. १७२७ पासून आजपर्यंत इंग्लंडच्या गादीवर ज्याचा ज्याचा राज्याभिषेक झाला, त्या प्रत्येकाच्या अंगाला तेल लागण्याच्या वेळी हेच गीत गायलं गेलं. अगदी ६ मे २०२३ ला चार्ल्स तिसऱ्याच्या वेळीसुद्धा.

आणि गंमत म्हणजे इंग्लंडच्या राजघराण्याचं हे सगळ्यात मानाचं गीत लिहिणारा माणूस जन्माने इंग्लिश नव्हता. तो जर्मन होता. नाव जॉर्ज फ्रिडरिक हँडल. आडनाव ऐकून सायकल आठवली तरी हरकत नाही, पण माणूस मोठा होता.

हँडलचा जन्म २३ फेब्रुवारी १६८५ चा, जर्मनीतल्या हाले गावातला. त्याच वर्षी, महिन्याभराने, तिथून काही फार लांब नसलेल्या आयझेनाख गावात योहान सेबास्टियन बाख जन्मला. युरोपच्या संगीतातली ही दोन सगळ्यात मोठी नावं, पण दोघांची आयुष्यात एकदाही भेट झाली नाही.

हँडलचे वडील न्हावी-शल्यविशारद होते. म्हणजे तेव्हा युरोपात दाढी करणं, जखमा शिवणं आणि हाडं बसवणं हा एकच धंदा असायचा. मुलगा झाला तेव्हा त्यांचं वय साठीच्या पुढे गेलेलं. त्यांची इच्छा एकच, पोराने वकील व्हावं. संगीत म्हणजे पोटाला चिमटा, हे त्यांचं गणित. पण एकदा वडील त्याला वायसेनफेल्सच्या ड्यूकच्या दरबारी घेऊन गेले, तिथे पोराने ऑर्गन वाजवला आणि खुद्द ड्यूकने सांगितलं की याला शिकवा. मालकाचा शब्द मोडायची सोय नव्हती.

वडील गेले तेव्हा हँडल बारा वर्षांचाही झाला नव्हता. पुढे त्याने हालेच्या विद्यापीठात नाव घातलं, चर्चमध्ये वर्षभर ऑर्गन वाजवला आणि १७०३ मध्ये सरळ हॅम्बर्ग गाठलं, कारण तिथे ऑपेरा होता.

हॅम्बर्गमध्ये तो मरता मरता वाचला. योहान मॅथेसन हा त्याचा जिगरी दोस्त. १७०४ च्या डिसेंबरमध्ये मॅथेसनच्या ऑपेराचा प्रयोग सुरू होता. मॅथेसन स्वतः त्यात अँटनीचं काम करायचा आणि स्टेजवर मेला की खाली येऊन हार्प्सिकॉर्डवर बसायचा. त्या दिवशी तिथे हँडल बसला होता आणि तो उठेना. भांडण बाहेर गेलं, दोघांनी तलवारी उपसल्या. मॅथेसनचा वार हँडलच्या कोटाच्या धातूच्या बटणावर बसला आणि तलवार मोडली. काही दिवसांत दोघं परत एका ताटात जेवायला लागले.

मग साडेतीन वर्षं इटली, त्यानंतर १७१० मध्ये हॅनोव्हरच्या इलेक्टरकडे म्हणजे तिथल्या राजाकडे दरबारी संगीतकाराची नोकरी. नोकरी लागली तसा हा सुट्टी घेऊन लंडनला गेला. तिथे फेब्रुवारी १७११ मध्ये ‘रिनाल्डो’ हा ऑपेरा केला. त्यात बागेच्या प्रसंगाला स्टेजवर खऱ्या चिमण्या सोडल्या होत्या, ज्याची लंडनच्या लेखकांनी भरपूर टर उडवली. ऑपेरा मात्र तुफान चालला. हँडल हॅनोव्हरला परतला, पुन्हा सुट्टी काढून १७१२ मध्ये लंडनला आला आणि मग गेलाच नाही. राणी ॲनने त्याला वर्षाला २०० पौंडांची पेन्शन सुरू केली. हॅनोव्हरच्या मालकाने त्याला नोकरीवरून काढून टाकलं.

आणि १७१४ मध्ये राणी ॲन वारली. तिच्यामागे मूल उरलं नव्हतं.

आता इथे थोडं थांबायला पाहिजे, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. इंग्लंडच्या संसदेने १७०१ मध्ये कायदा केला होता की कॅथलिक माणूस गादीवर बसणार नाही. त्यामुळे रक्ताच्या नात्याने जवळचे असलेले पन्नासहून जास्त वारस ओलांडून गादी गेली लांबच्या एका प्रोटेस्टंट नातेवाईकाकडे. तो नातेवाईक म्हणजे हॅनोव्हरचा इलेक्टर. ज्याच्या नोकरीवर हँडलने पाणी सोडलं होतं, तोच माणूस जॉर्ज पहिला म्हणून लंडनला आला.

यावरून एक किस्सा सगळीकडे सांगितला जातो. राजा रागावला होता म्हणून हँडलने थेम्स नदीत गुपचूप दुसऱ्या होडीत वादक बसवून ‘वॉटर म्युझिक’ वाजवलं आणि राजाचा राग गेला, असा तो किस्सा. ऐकायला भारी आहे, पण जमत नाही. नदीतली ती मैफल झाली १७ जुलै १७१७ ला आणि राजाने हँडलची पेन्शन त्याच्या कितीतरी आधी वाढवली होती. राजाला संगीत एवढं आवडलं की पन्नासेक वादकांना त्याने ते तीनदा वाजवायला लावलं, एवढं मात्र खरं.

पुढची दहा वर्षं हँडलने लंडनला इटालियन ऑपेराचं वेड लावलं. श्रीमंतांनी शेअर्स घेऊन १७१९ मध्ये कंपनी काढली, हँडल युरोपभर फिरून गायक आणायचा. या गायकांचे नखरे भयंकर होते. फ्रांचेस्का कुझोनी नावाची गायिका एक गाणं गायला तयार होईना, तेव्हा हँडलने तिला खिडकीतून खाली फेकायची धमकी दिली होती म्हणतात. पुढे फाउस्टीना बोर्डोनी ही तिची स्पर्धक आली आणि लंडनचे रसिक दोन पार्ट्यांत वाटले गेले. ६ जून १७२७ च्या रात्री युवराज्ञी कॅरोलाइन समोर बसलेली असताना दोन्ही बाजूंच्या चाहत्यांनी इतका दंगा केला की प्रयोग अर्ध्यावर बंद पडला.

त्यानंतर पाचव्याच दिवशी जॉर्ज पहिला जर्मनीत वारला. आता त्याचा मुलगा गादीवर येणार होता, जॉर्ज दुसरा.

हँडल काही महिन्यांपूर्वीच, फेब्रुवारी १७२७ मध्ये, संसदेच्या खास कायद्याने इंग्लंडचा नागरिक झाला होता. तरी राज्याभिषेकाचं संगीत करायचा मान रीतीप्रमाणे राजाच्या चॅपेलच्या संगीतकाराचा. तो विल्यम क्रॉफ्ट ऑगस्टमध्ये वारला आणि त्याच्या जागी मॉरिस ग्रीन आला. ग्रीन अस्सल इंग्लिश, वयाने तिशीतला, त्याला वाटलं ही संधी आपलीच. पण जॉर्ज दुसऱ्याने ग्रीनला बाजूला सारलं आणि हँडलचं नाव घेतलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला ही बातमी पेपरात आली. राज्याभिषेक होता ११ ऑक्टोबरला. हातात महिनाभर, गीतं चार.

(साल लक्षात राहावं म्हणून सांगतो, बरोबर त्याच हिवाळ्यात बाजीराव पेशवे निजामाच्या मागावर होते. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेड झालं.)

इंग्रजीत अँथम हा शब्द आपण आता राष्ट्रगीत या अर्थाने वापरतो, पण मुळात अँथम म्हणजे चर्चमध्ये गायकवृंदाने गायचं इंग्रजी भाषेतलं धार्मिक गीत. हँडलची चारही गीतं या अर्थाने अँथम आहेत. त्यांचे शब्द बायबलमधले. बिशप मंडळींनी कोणते उतारे घ्यायचे याची यादी पाठवली तेव्हा हँडल उखडला, असं सांगतात. बायबल मला चांगलं पाठ आहे, माझे उतारे मी निवडीन, असा त्याचा पवित्रा होता.

‘झेडॉक’चे शब्द मात्र निवडायचा प्रश्नच नव्हता. इंग्लंडमध्ये राजा एडगरच्या ९७३ सालच्या राज्याभिषेकापासून तो मजकूर गायला जात होता. गोष्ट आहे जुन्या करारातल्या राजांच्या पहिल्या पुस्तकातली. मराठी बायबल वाचणाऱ्यांना झेडॉक हा सादोक याजक म्हणून माहीत असेल. राजा दावीद म्हातारा होऊन अंथरुणाला खिळलेला. त्याचा मुलगा अदोनीया परस्पर स्वतःला राजा म्हणवून घ्यायला लागला. तेव्हा दावीदाच्या आज्ञेवरून सादोक याजक आणि नाथान संदेष्टा यांनी शलमोनाला गीहोन झऱ्यावर नेऊन तेलाने अभिषेक केला आणि लोकांनी जयजयकार केला. म्हणजे एकाच गादीवर दोन दावेदार असताना, खरा राजा कोण हे तेलाने ठरवलं त्याची ही गोष्ट आहे.

आता १७२७ च्या लंडनमध्ये ही गोष्ट कशी ऐकू येत असेल बघा. पन्नासहून जास्त वारस ओलांडून आलेलं घराणं. समुद्रापलीकडे स्टुअर्ट घराण्याचा कॅथलिक दावेदार अजून जिवंत, १७१५ मध्ये त्याच्यासाठी बंड झालेलं. अशा वेळी या गीताला नुसती शोभा म्हणून कोण ऐकणार?

आपण मराठीत म्हणतो राज्याभिषेक. इंग्रजी शब्द मुकुटावरून आलाय, आपला शब्द अभिषेकावरून. आणि खरं सांगायचं तर इंग्लंडच्या विधीलाही आपलाच शब्द जास्त चपखल बसतो. मुकुट डोक्यावर ठेवणं हा फोटोचा क्षण, पण विधीचा गाभा तेलाचा. त्या आधी राजाच्या अंगावरचे भरजरी कपडे उतरवले जातात. आर्चबिशप त्याच्या हातांना, छातीला आणि डोक्याला पवित्र तेल लावतात. ही गोष्ट लोकांना दिसू देत नाहीत. आणि जे दिसत नाही, त्याची जागा गीत भरून काढतं.

हँडलने ती जागा कशी भरली? सुरुवातीला गाणं नाहीच. साधारण दीड मिनिट फक्त वाद्यं. व्हायोलिनची एकसारखी वर-खाली होणारी लहर, खाली बाकीच्या वाद्यांचे सावकाश ठोके. लहर तीच, पण खालचे सूर बदलत राहतात, ताण वाढत राहतो. ऐकणाऱ्याला कळतं की काहीतरी येणार आहे, पण कधी ते कळत नाही. तुतारीवाले आणि नगारेवाले तोवर गप्प बसलेले. आणि मग काही न सांगता अख्खा गायकवृंद सात भागांत एकदम फुटतो, त्याच क्षणी तुताऱ्या आणि नगारे सुटतात. पहिल्यांदा ऐकणारा दचकतोच. त्यानंतर लोकांच्या आनंदाचा नाचरा भाग आणि शेवटी राजाला दीर्घायुष्य चिंतणारा जयघोष. सगळं मिळून पाच-सहा मिनिटांत आटोपतं.

चॅम्पियन्स लीगवाल्या ब्रिटनने नेमकी ही वाट पाहायला लावणारी लहर आणि तो स्फोट उचलला.

खुद्द त्या दिवशी वेस्टमिन्स्टर ॲबीत मात्र सगळं सुरळीत पार पडलं नाही. पेपरवाल्यांनी चाळीस गायक आणि सुमारे १६० वादक असा आकडा छापला होता, जो अभ्यासकांना फुगवलेला वाटतो. गायकांचे गट वेगवेगळ्या माचांवर, एकमेकांना धड दिसत नाहीत. आर्चबिशप विल्यम वेक यांनी आपल्या विधीच्या प्रतीत समासात वैतागून नोंद केली की एका गीताचा पार गोंधळ झाला. दुसऱ्याचं एक गीत तर गायचं राहूनच गेलं. जगातला सगळ्यात टिकाऊ ठरलेला राजदरबारी कार्यक्रम असा धडपडत सुरू झाला होता.

मग ‘झेडॉक’ टिकलं कसं? जॉर्ज तिसऱ्याचा राज्याभिषेक १७६१ मध्ये झाला. तोवर हँडल वारला होता आणि संगीताचं काम विल्यम बॉइसकडे होतं. बॉइसने सगळ्या विधीसाठी नवीन गीतं लिहिली, पण ‘झेडॉक’ला हात लावायला नकार दिला, हँडलपेक्षा चांगलं करता येणार नाही म्हणून. माझ्या मते या गीताच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा माणूस. त्याने स्वतःचं नाव पुढे रेटलं असतं तर त्याला कुणी अडवलं नसतं. त्यानंतर १८२१, १८३१, १८३८, १९०२, १९११, १९३७, १९५३ आणि २०२३, एकदाही खंड नाही.

राज्याभिषेकाने हँडलची इज्जत वाढली, धंदा मात्र बसला. १७२८ मध्ये ऑपेरा कंपनी बुडाली. त्याच वर्षी चोर-दरोडेखोरांवरचं ‘बेगर्स ऑपेरा’ हे इंग्रजी नाटक लंडनमध्ये धो धो चाललं आणि इटालियन ऑपेराची हवा गेली. हँडल हट्टाने करत राहिला. १७३१ मध्ये त्याने सिकंदर आणि पोरसावर ‘पोरो’ नावाचा ऑपेरासुद्धा केला.

वाट सापडली ती परत राज्याभिषेकाच्याच बाजूने. १७३२ मध्ये त्याला ‘एस्थर’ ही बायबलमधली कथा रंगमंचावर आणायची होती. लंडनच्या बिशपने धार्मिक कथेचा नाट्यप्रयोग करायला मनाई केली. हँडलने मग अभिनयच काढून टाकला. जाहिरात दिली की नाटक होणार नाही, गायक-वादकांची मांडणी राज्याभिषेकासारखी असेल. शिवाय ‘झेडॉक’मधला तुकडा शब्द बदलून यात घातला. लोकांनी गर्दी केली. अभिनय नाही, वेशभूषा नाही, नखरेल गायिकांचा खर्च कमी, भाषा इंग्रजी. यातूनच इंग्रजी ऑरेटोरिओ हा प्रकार उभा राहिला.

पण मधे त्याला शरीराने दगा दिला. १७३७ मध्ये उजवा हात लुळा पडला. जर्मनीत आखेनच्या गरम झऱ्यांवर उपचार घेऊन तो बरा झाला. १७४१ च्या उन्हाळ्यात त्याने २४ दिवसांत ‘मेसाया’ लिहून काढलं. पहिला प्रयोग लंडनला नाही तर डब्लिनला, १३ एप्रिल १७४२ ला. हॉलमध्ये जास्त माणसं मावावीत म्हणून बायकांना घेरदार झग्याच्या कड्या घालू नका आणि पुरुषांना तलवारी आणू नका असं आधीच कळवलं होतं. सातशे माणसं बसली, ४०० पौंडांच्या आसपास जमले. त्यातून दोन रुग्णालयांना मदत मिळाली आणि कर्ज फेडता न आल्याने तुरुंगात सडणारे १४२ कैदी सुटले.

लंडनमध्ये त्याने हेच काम थॉमस कोरमच्या अनाथाश्रमासाठी केलं. रस्त्यावर टाकून दिलेल्या तान्ह्या मुलांसाठीची ही संस्था. १७५० पासून तिथल्या चॅपेलमध्ये दरवर्षी ‘मेसाया’ व्हायचं आणि पैसे मुलांना जायचे. हँडलने तिथे ऑर्गन दिला, मरताना ‘मेसाया’ची एक प्रत त्या संस्थेच्या नावाने ठेवली.

इथवर ऐकून माणूस संत वाटायला लागतो, म्हणून दुसरी बाजूही सांगायला पाहिजे. अलीकडच्या अभ्यासकांनी जुन्या हिशोबाच्या वह्या तपासल्या तेव्हा हँडलचं नाव रॉयल आफ्रिकन कंपनीच्या भागधारकांत सापडलं. ही कंपनी आफ्रिकेतून माणसं गुलाम करून नेण्याचा व्यापार करायची. साउथ सी कंपनीतही त्याचे पैसे होते आणि तिच्याकडे स्पॅनिश वसाहतींना गुलाम पुरवायचा ठेका होता. तेव्हा लंडनचे सगळेच पैसेवाले असे शेअर घ्यायचे, असं म्हणता येतं. पण अनाथ मुलांसाठी वाजणारा ऑर्गन आणि गुलामांच्या जहाजाचा शेअर एकाच माणसाच्या नावावर होते, हे त्याने पुसलं जात नाही.

१७५१ मध्ये ‘जेफ्था’ लिहिताना त्याला मधेच थांबावं लागलं. डाव्या डोळ्याने काम होत नाही अशी नोंद त्याने हस्तलिखितातच करून ठेवली. पुढे दोन्ही डोळे गेले. जॉन टेलर नावाच्या फिरत्या डोळेवाल्या वैदूने १७५८ मध्ये त्याच्यावर उपचार केले, उपयोग झाला नाही. याच टेलरने आठ वर्षांपूर्वी बाखच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया केली होती आणि बाख त्यानंतर काही महिन्यांत वारला. दोघं दिग्गज आयुष्यात भेटले नाहीत, पण एकाच भोंदूच्या हाती लागले.

आंधळा हँडल शेवटपर्यंत ऑर्गनवर बसत राहिला. ६ एप्रिल १७५९ ला ‘मेसाया’ ऐकून तो घरी गेला आणि १४ तारखेला ब्रुक स्ट्रीटवरच्या, ३६ वर्षं राहिलेल्या त्याच घरात वारला. लग्न केलं नव्हतं. मागे जवळपास २०,००० पौंड होते, त्यातले १,००० म्हाताऱ्या आणि गरजू वादकांच्या निधीला. पुढे १९६८ मध्ये शेजारच्या घरात जिमी हेंड्रिक्स राहायला आला. आता दोन्ही घरं मिळून एकच संग्रहालय आहे.

२०२३ मध्ये चार्ल्सला तेल लावायची वेळ आली तेव्हा त्याच्याभोवती भरतकाम केलेले पडदे धरले गेले. पडद्यावर एक झाड आणि राष्ट्रकुलातल्या ५६ देशांची पानं, त्यात एक भारताचंही. तेल जेरुसलेममध्ये मंत्रून आणलेलं. कॅमेरे पडद्याच्या बाहेर थांबले आणि व्हायोलिनची ती लहर सुरू झाली.

तिथून काही पावलांवर, ॲबीच्या दक्षिणेकडच्या भागात, हँडल पुरलेला आहे. अंत्यसंस्काराला तीनेक हजार माणसं लोटली होती. स्मारकासाठी त्याने मृत्युपत्रात ६०० पौंडांपर्यंत खर्चाची सोय केली होती, त्यातून शिल्पकार रुबियाकने १७६२ मध्ये त्याचा पुतळा केला. हातात ‘मेसाया’चा कागद आहे आणि खाली जन्मसाल १६८४ कोरलंय. तेव्हा इंग्लंडमध्ये नवीन वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे तिथल्या हिशोबाने फेब्रुवारी १६८५ हे आदल्याच वर्षात पडतं.